शेपूट न बांधलेली साखर

आमच्या तळघरातल्या व्हॅक्यूम पंपाने एकदा संचालकांच्या डोक्यावरचा टोप ओढून घेतला होता. मधे तीन भिंती, एक जिना आणि दोन बंद दारं होती, तरी. टोप नळीतून सुर्रकन खाली आला, पंपाने तो चावून खाल्ला आणि पुढचा महिनाभर त्याच्या तेलात केस उगवत होते. ही हकिकत मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की मी समोरून येताना दिसलो की खुद्द संचालक डोकं चाचपून बघायचे. त्यांचे केस चांगले घट्ट, जन्मापासूनचे होते. पण थाप जमली की अशी जमते. ज्याचे केस, त्यालाच खात्री वाटेनाशी होते.

बत्तीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत पंप सांभाळले. यंत्रातली हवा काढून टाकायची आणि तिला परत आत येऊ द्यायचं नाही, एवढंच काम. पोकळी राखायची. म्हणून सगळे मला पोकळकाका म्हणायचे. कामावरून म्हणायचे की बोलण्यावरून, हे मी कधी विचारलं नाही. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा बोलावणं येतंच, कारण तो जुना पंप नव्या माणसाला दाद देत नाही. हे खरं आहे. विचारा हवं तर.

पुढे जे सांगतोय त्याला मीठमसाला लावायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. लागत नाही.

माझ्या नातीला आम्ही ढब्बू म्हणतो. वर्षाची होती तेव्हा तिचं पोट टम्म पुढे यायचं. मी सगळ्यांना सांगायचो, की ही रोज एक आख्खं कलिंगड गिळते आणि बी सुद्धा थुंकत नाही. मुलगी हसायची, जावई हसायचा. शेजारीण तर येता-जाता तिच्या पोटावर टिचकी मारून "पिकलं हो!" म्हणायची. पुढे एकदा ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच पोटावर दोन बोटं ठेवली, ती खाली खाली सरकवत नेली आणि बोलता बोलता गप्प झाले. यकृत आणि प्लीहा, दोन्ही दुप्पट झालेली होती. आम्ही लाडाने ज्याला नाव ठेवलं होतं, तो आजार होता.

नाव तेवढं तसंच राहिलं. दुसऱ्या नावाला ती ओ देत नाही.

सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा तिच्यापाशी अकरा शब्द होते. त्या वयाची पोरं रोज नवा शब्द उचलून आणतात. हिचे एकेक करून जायला लागले. आधी 'चप्पल' गेला. मग 'काऊ'. मग 'पाणी'चा नुसता 'पा' झाला, आणि एक दिवस तोही गेला, ती पेल्याकडे बोट दाखवायला लागली. 'पुना' मात्र टिकून होता. मी गोष्ट सांगायचो, गोष्ट संपायची आणि ही दोन्ही तळहात माझ्या गुडघ्यांवर आपटून म्हणायची, "पुना!" पुन्हा. एका बैठकीला मी एकच थाप सात-सात वेळा मारलेली आहे. असा श्रोता मला उभ्या जन्मात दुसरा मिळाला नाही.

डॉक्टरांनी मुलीला आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. जावई क्रेनवर कामाला. भर पाळीतून खाली उतरता येत नाही, म्हणून तो नव्हता. शरीरातल्या पेशींमध्ये साखरेच्या लांब साखळ्या असतात, डॉक्टर म्हणाले. त्या जुन्या झाल्या की कातरून टाकाव्या लागतात. त्यासाठी वेगवेगळ्या कात्र्या असतात. ढब्बूच्या अंगात त्यातली एक कात्री जन्मतःच नाही. म्हणून कातरायच्या राहिलेल्या साखळ्या साठतायत. आधी यकृतात, मग हाडांत, मग डोक्यात.

"कुठली कात्री नाही?" मुलीने विचारलं. ती शिवणकाम करते. तिला कात्रीची भाषा लगेच कळली.

"दोनपैकी एक. जनुकांच्या तपासणीत दोन्ही ठिकाणी एकेक चूक सापडलीय. दोन्ही अशा, की आधी कुणी पाहिलेल्या नाहीत. त्यातली कुठली नुसती दिसायला चूक आणि कुठली खरी, ते सांगता येत नाही."

"फरक काय पडतो?"

"एका कात्रीवर औषध आहे. तीच कात्री बाहेरून देता येते, सलाईनमधून, दर आठवड्याला. मुलं शाळेत जातात. पण लवकर सुरू करावं लागतं, गेलेलं परत येत नाही. आणि खात्री असल्याशिवाय देता येत नाही."

"आणि दुसरी?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "दुसरीत आम्ही त्रास कमी करतो."

लघवीत उतरलेली साखर तपासली तर निकाल लागेल, ते म्हणाले, पण नेहमीच्या प्रयोगशाळा वजन करतात आणि त्या दोन्ही साखरांचं वजन तंतोतंत सारखं. तेच मणी, तितकेच मणी. एक मणी फक्त डाव्या फांदीला असतो की उजव्या, एवढाच फरक. तो ओळखणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

"त्यातलं एक माझ्या पंपावर चालतं," मी म्हटलं.

मुलीने डोळे मिटले. "बाबा, आत्ता नको. हात जोडते."

"अगं, खरंच चालतं."

"डॉक्टर, मनावर घेऊ नका. यांना सवय आहे."

शेवटी मी खिशातून प्रयोगशाळेचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

त्या यंत्राविषयी सांगायला हवं. एवढ्याशा काचेच्या सुईतून नमुना उडवतात, अत्तराच्या फवाऱ्यासारखा, फक्त इतका बारीक की डोळ्यांना दिसू नये. थेंब वाळतात आणि विजेचा भार घेतलेले साखरेचे कण उरतात. ते एका लांब, वळणावळणाच्या वाटेवर सोडतात. त्या वाटेला आम्ही 'गल्ली' म्हणायचो. गल्लीत पातळसा वायू भरलेला असतो, म्हणजे बाजारातली गर्दीच म्हणा. आता सारख्या वजनाची दोन माणसं गर्दीत सोडली, एक अंग चोरून चालणारा आणि एक काखेत आडवी छत्री धरलेला, तर आधी कोण पोहोचेल? तसंच. आटोपशीर साखर आधी पोहोचते, फांद्या पसरलेली मागून येते, आणि पडद्यावर दोन टेकड्या उमटतात. आधीची एक, नंतरची एक.

पण आमच्या मॅडम नुसत्या टेकड्यांवर विश्वास ठेवत नसत. प्रयोगशाळेच्या प्रमुख त्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या खोलीत शिरल्या की पंपसुद्धा सावरून बसायचा. गल्लीतून आलेले कण त्या एका खोबणीत पकडून उणे दोनशे तीस अंशांपर्यंत गारठवत. त्या थंडीत नायट्रोजनचा एक कण साखरेला गोचिडीसारखा चिकटतो. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्या लेझरचा झोत सोडायचा आणि त्याचा रंग कणाकणाने बदलत न्यायचा. नेमका रंग जुळला की साखर अंग झटकते आणि गोचीड गळून पडते. कुठल्या रंगाला किती गोचिडी पडल्या याची जी रेघ येते, तो त्या साखरेचा अंगठा, म्हणजे अंगठ्याचा ठसा. तसा दुसऱ्या कुणाचा नाही.

"लेझर बोलल्याशिवाय इथे कुणी बोलायचं नाही," हे मॅडमचं वाक्य. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवलं जायचं.

दुसरा नियम म्हणजे शेपूट बांधणे. कुठलीही साखर गल्लीत सोडण्याआधी तिला एका औषधात ठेवून तिच्या शेवटच्या मण्याचं उघडं टोक बंद करतात. त्याला दिवस लागतो आणि थोडा नमुना वायाही जातो. का बांधतात, हे मी यंत्र आल्यापासून सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. माझा संबंध हवेशी. साखरेचं शेपूट साखरेपाशी.

सोमवारी मी बर्फाच्या डब्यातून नमुना घेऊन गेलो. एवढीशी बाटली, तळाशी चार बोटांनी पुसता येईल इतकं पाणी. मॅडमनी ती उजेडाकडे धरली.

"तुमची नात आहे, म्हणून सरळ सांगते, पोकळकाका. औषधवाल्या आजारात डावी आणि उजवी, दोन्ही साखरा साठतात, कारण ती कात्री दोन्ही कापते. दुसऱ्यात फक्त उजवी. दोन सापडल्या तर आनंद. शुक्रवारपर्यंत सांगते. तोवर इथे येऊन कुणाचं डोकं खायचं नाही."

"मी कशाला खाऊ? मी पंपाचं तेल बदलायला येतोय."

"तेल गेल्या आठवड्यात बदललंत."

"पितो हो तो. व्यसनी आहे."

मॅडम हसल्या नाहीत. बाटलीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली.

मंगळवारी मॅडम बैठकीला गेल्या होत्या. गल्लीवर बसणारी संशोधक बाई, जिला मी चष्मे म्हणतो कारण तिच्याकडे तीन आहेत आणि एकही सापडत नाही, नमुना शेपूट बांधायला टाकत होती. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.

"काका, तुमचा श्वास मानेवर येतोय."

"चष्मे, एक थेंब. नुसता एक थेंब सोड गल्लीत. बघू दे तरी."

"शेपूट बांधलेलं नाही अजून."

"नसू दे. मीही तुझ्यासमोर कधी टाय बांधून आलो नाही. चालवून घेतेस ना?"

तिने बाटलीवरची चिठ्ठी एकदा वाचली. तिला दोन मुलं आहेत. मग तिने सुईत एक थेंब भरला.

गल्ली पार करायला साखरेला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो. तसल्या हजारो फेऱ्या एकावर एक रचल्या की पडद्यावरची रेघ उठायला लागते. आधी गवतासारखं काहीतरी हललं. मग एक टेकडी वर आली. ही उंच. मी मनातल्या मनात म्हणालो, आता दुसरी. आणि तिच्या उजव्या अंगाला, थोडी बुटकी, पण स्पष्ट, दुसरी टेकडी उभी राहिली.

"दोन," मी म्हटलं. 

"दोन दिसतायत खऱ्या," चष्मे म्हणाली. तीही हसली, मी पाहिलं. "पण काका..."

'पण'च्या पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. गुडघे दुखणारा माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर गेलो आणि खिडकीपाशी उभा राहून मुलीला फोन लावला. पलीकडे शिवणयंत्राची खडखड चालू होती.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"काय दोन?"

"साखरा. डावी पण आणि उजवी पण. औषधवाला आजार आहे, पोरी. औषध आहे तिला."

खडखड थांबली.

"बाबा, थाप नाही ना?"

"नाही गं."

"बाबा."

"ढब्बूची शपथ."

थापाड्याने कुणाची शपथ घ्यायची नसते. आमच्या जमातीचा एवढा एकच धर्म. साठ वर्षांत मी तो मोडला नव्हता. पण त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातात खरीखुरी बातमी आहे. जो माणूस नेहमी खोटी नाणी खुळखुळवतो, त्याला एक खरं सापडलं तर तो काय करील? दगडावर आपटून दाखवील. मी ते माझ्या नातीच्या डोक्यावर आपटलं.

मुलगी रडली नाही. "थांबा, तिला सांगते," म्हणाली. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि दुरून तिचं बोलणं ऐकू आलं, लाडात, शब्द कळत नव्हते. मग ढब्बूचा आवाज. काहीच न म्हणणारा, पण तिचा.

संध्याकाळी घरी गेलो तर मुलीने पिवळं कापड बेतून ठेवलं होतं. फ्रॉक. मापाला दोन वर्षांनी मोठा.

"एवढा मोठा?"

"वाढेल ना आता. आणि खाली दुमड ठेवलीय चार बोटं. उंच झाली की सोडायची. पहिलीपर्यंत जाईल बघा." तिने दाताने दोरा तोडला. "तुम्ही आज काही सांगितलं नाहीत. रस्त्यात काय झालं?"

ही आमची जुनी रीत. मी घरात पाऊल टाकलं की ती विचारणार, रस्त्यात काय झालं, आणि मी काहीतरी ठोकून देणार. ती सहा वर्षांची असल्यापासून.

"काय सांगू! वाहतुकीचा दिवा होता ना चौकातला, तो आज निघून गेला. उभं राहून पाय दुखतात म्हणाला. आता त्याच्या जागी एक जिराफ उभा केलाय. तो डोळे मिचकावतो, तेव्हा गाड्या निघतात."

ती पोटभर हसली. कित्येक महिन्यांनी. जावई कामावरून आला, त्याने तो फ्रॉक दोन बोटांत उचलून उजेडात धरला, चार बोटं दुमड मोजली आणि परत नीट ठेवला. कमी बोलतो तो. उंचावर एकटा बसून बसून तसा झालाय.

बुधवारी मला प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. गारठवायची खोबण हवी तेवढी गार होईना, आत कुठूनतरी हवा झिरपत होती. मी गेलो. चष्मे माझ्याशी नेहमीसारखं बोलली नाही.

"काका, तुम्ही घरी काही सांगितलंत का?"

"का?"

"नाही, सहज. मॅडम म्हणाल्या होत्या, लेझर होईपर्यंत..." ती चष्मा शोधायला लागली. तो तिच्या डोळ्यांवर होता.

तिच्या मनात काहीतरी आहे, हे मला दिसत होतं. पण मी विचारलं नाही, आणि ती बोलली नाही. दोघांनीही ताकाला जाऊन भांडं लपवलं.

गळती मला दोन तासांत सापडली. झाकणाखालच्या रबरी कडीला केसाएवढी चीर होती. नवी कडी बसवली आणि बोल्ट आवळायला घेतले. समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे. शेवटचा बोल्ट हातात असताना मी थांबलो.

तो अर्धा फेरा सैल ठेवला असता तर खोबण गार झाली नसती. गोचीड चिकटली नसती, लेझरला काही सांगता आलं नसतं. मग यंत्र उघडा, पुन्हा जोडा, आठवडा गेला असता, कदाचित दोन. तेवढे दिवस पडद्यावरच्या त्या दोन टेकड्याच खऱ्या राहिल्या असत्या, आणि तेवढे दिवस मुलगी हसली असती. आणि दोन्ही साखरा खरंच असतील, तर तेवढे दिवस ढब्बूला औषध मिळालं नसतं.

मी बोल्ट आवळला. पान्यावर सगळं अंग टाकून आवळला.

शुक्रवारी दुपारी मॅडमनी खुर्ची पुढे केली. "पोकळकाका, बसा."

बत्तीस वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. पंपवाला उभाच असतो.

"मंगळवारी तुम्ही गल्ली बघितलीत."

"चष्मेची चूक नाही. मी गळ घातली."

"मी चूक शोधत नाहीये." त्यांनी पडद्यावर एक रेघ काढली. दोन टेकड्या, उंच आणि बुटकी. "ही काय आहे?"

"ढब्बूची."

"नाही. ही आमच्या कपाटातली उजवी आहे. शुद्ध. तिच्यात डावीचा कण नाही. शेपूट न बांधता सोडली."

मला समजलं नाही. म्हणजे मला लगेच समजलं, पण मी न समजल्यासारखा बसून राहिलो.

"साखरेच्या शेवटच्या मण्याचं टोक पाण्यात उघडतं आणि मिटतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मिटताना कधी तोंड वर करून मिटतं, कधी खाली. साखर तीच. पण दोन बसण्या झाल्या, आणि गल्लीत त्या दोन माणसांसारख्या चालतात. म्हणून आपण आधी शेपूट बांधतो. मग एका साखरेची एकच टेकडी येते." त्यांनी दुसरी रेघ काढली. "ही तुमच्या नातीची, बांधल्यानंतरची."

एक टेकडी. इतकी सरळ, इतकी एकटी, की तिच्या दोन्ही बाजूंची जमीन ओसाड वाटावी.

"आणि लेझर?"

त्यांनी दोन अंगठे एकावर एक ठेवले. ढब्बूच्या साखरेचा निळा, कपाटातल्या उजवीचा काळा. काळा दिसतच नव्हता. निळ्याने तो पूर्ण झाकला होता.

"गळती असेल," मी म्हटलं. "झाकणात. परवा होती. हवा शिरली की रेघ बिघडते, तुम्हीच म्हणता."

"गळती नाही, काका." मॅडमनी चष्म्याखालून डोळे पुसले. "तुम्हीच बंद केलीत. इतकी स्वच्छ रेघ या यंत्रावर आजवर आली नव्हती."

चष्मे दारात उभी होती. मंगळवारी 'पण'च्या पुढे तिला हेच म्हणायचं होतं. एवढं वाक्य ऐकायला किती वेळ लागला असता? गल्लीतल्या साखरेइतकासुद्धा नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस निदान स्वतः पिवळा होतो. मी माझ्या पोरीला पिवळं कापड घ्यायला लावलं.

घरी जाताना मी काय काय रचून पाहिलं. यंत्र बिघडलं म्हणावं. निकाल महिनाभर लांबला म्हणावं. डावी आहे, पण लाजाळू आहे, पुढे येत नाही, असंसुद्धा सुचलं. साठ वर्षांचा माल होता गाठीशी. दाराशी पोहोचेपर्यंत त्यातला एकही नग हाताला लागला नाही.

मुलगी शिवणयंत्रावर बसली होती. पिवळा फ्रॉक पुरा होत आला होता, गळ्याला गोट लावणं चाललं होतं. ढब्बू खाली चटईवर रिकाम्या रिळांच्या राशीत बसून एक रीळ हातात फिरवत होती. मी चपला काढल्या. पाणी प्यायलो. पेला विसळून पालथा घातला.

"रस्त्यात काय झालं?" मुलीने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. बस आली. बसलो. उतरलो."

तिचा पाय पायट्यावरून निघाला. चाक थोडं आपलं आपण फिरलं आणि थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"चौकातला जिराफ?" ती म्हणाली. अगदी हळू.

मी नकारार्थी मान हलवली.

"एकच होती?"

"एकच."

"उजवी."

मी खाली ढब्बूकडे बघितलं. तिने रीळ तोंडात घातलं होतं.

"तुम्ही तिची शपथ घेतली होतीत, बाबा."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ते असं म्हटलं, जसं कापड आखूड पडल्यावर म्हणते. आता यात काही करता येण्यासारखं नाही, तसं. मग तिने फ्रॉक यंत्रावरून काढून घेतला. मला वाटलं उसवते की काय. तिने तो उलटा केला, चार बोटांच्या दुमडीवर अंगठा दाबून एक घडी पाडली, मग दुसरी, मग तिसरी, आणि हातरुमालाएवढी चौकोनी गुंडाळी करून मांडीवर ठेवली.

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"तिला गोष्ट सांगा," मुलगी म्हणाली.

"आत्ता?"

"मग कधी सांगणार?"

मी चटईवर बसलो. गुडघे वाजले. ढब्बूने रीळ बाजूला ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिची आवडती गोष्ट ढगाची. "एकदा काय झालं, आमच्या पंपाला लागली भूक. त्याने नळी लावली आकाशाला आणि ओढलं, सुर्रर्र. अर्धं आकाश आलं. त्याच्याबरोबर एक गुबगुबीत ढग आला आणि अडकला नळीत. पंप फुगला, ढब्बूच्या पोटाएवढा फुगला. मी पाठीवर थापट्या मारल्या, एक, दोन, तीन. आणि पंपाने दिला ढेकर, ढर्रर्र! ढग सुटला आणि खिडकीतून पळून गेला. संपली गोष्ट."

ढेकराला ती हसली. दोन्ही हात उचलले तिने. मी गुडघे पुढे केले.

हात तसेच वर राहिले. तिच्या ओठांनी काहीतरी शोधलं. प आणि प आणि नुसती हवा. हवा मला कळते. मी जन्मभर तीच मोजली. त्या हवेत शब्द नव्हता. मग हात खाली आले, माझ्या गुडघ्यांवर नाही, चटईवर, आणि तिने रीळ पुन्हा उचललं.

मी थांबलो. गुडघे तसेच पुढे ठेवले.

"पुना," मागून मुलगी म्हणाली.

मी वळून बघितलं नाही. "एकदा काय झालं," मी सुरुवात केली, "आमच्या पंपाला लागली भूक." नळी लावली, आकाश ओढलं, ढग आला आणि अडकला. मी पाठीवर थापट्या मारायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच. ढब्बू माझ्या हाताकडे बघत होती. सहा, सात. काही केल्या ढग नळीतून बाहेर येईना.